सरकारी हायस्कूलचे ऋण

आपल्या निवासी शाळेच्या गौरवार्थ निघणाऱ्या या स्मरणिकेत सरकारी शाळेविषयी लिहिणे काहींना अप्रस्तुत वाटेल. तथापि, ज्या शिक्षणविचारातून आपली शाळा उभी राहिली, त्याचा माग एका सरकारी हायस्कूलच्या दाखल-खारीज रजिस्टरापर्यंत जातो.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील सरकारी हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात, एका निवृत्त सुभेदाराच्या मुलाचे नाव दाखल झाले. नोंदीचा क्रमांक १९१४; नाव भिवा रामजी आंबेडकर. जुन्या राजवाड्यात भरणारे ते हायस्कूल पुढे प्रतापसिंह महाराजांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि आज ते जिल्हा परिषदेकडे आहे. प्रवेशाचा तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

हा प्रवेश कोणाच्या कृपेने झाला नव्हता. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलास दार बंद केले, तेव्हा त्याने सरकारकडे अर्ज केला. त्या प्रकरणातून उठलेल्या वादानंतर, सरकारी खर्चाने चालणारी शाळा सर्व जातींस खुली असली पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले. खाजगी शाळा चालकाच्या मर्जीवर चालू शकते. सार्वजनिक शाळेपुढे हक्क सांगता येतो. तिचे खरे मोल यात आहे.

परंतु दार उघडले म्हणजे शाळा आपली झाली, असे नव्हे. बाबासाहेबांनी आपल्या शालेय दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. बसण्यासाठी वेगळे गोणपाट, तेही घरून आणलेले. तहान लागली तरी शिपाई नळ सोडीपर्यंत थांबायचे. शिपाई नसेल तर पाणी नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. ती शाळाही सरकारीच होती. तरीही १९०७ साली ते मॅट्रिक झाले, त्यांचा सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले. अन्याय आणि संधी एकाच छपराखाली नांदत होती.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. अमेरिकेत वस्तीतल्या प्रत्येक मुलास विनामूल्य शिकवणारे पब्लिक हायस्कूल हा लोकशाहीचा आधार मानला जातो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली वर्णभेदावर आधारलेल्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. पण १९५७ साली लिटल रॉकच्या हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना पोहोचविण्यासाठी लष्कर आणावे लागले. १९७४ साली त्याच न्यायालयाने डेट्रॉइटच्या खटल्यात उपनगरांतील शाळांना शहराच्या एकत्रीकरण योजनेबाहेर ठेवले. शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून निघत असल्याने, महागड्या उपनगरातील शाळा नावाने सर्वांची असली तरी तेथे घर घेण्याची ऐपत असलेल्यांचीच राहते. दारावर पाटी नसली, तरी गाळणी असते.

आपल्याकडेही गाळणीचे रूप बदलले आहे. निजामी राजवटीत उर्दू माध्यमामुळे सामान्य घरातील मराठी मुलास हायस्कूल दुरापास्त होते. १९४८ नंतर ते मराठीत आले आणि १९६२ पासून जिल्हा परिषदांनी मराठवाड्यात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार वाहिला. शेतमजुराचे पोर कारकून, शिक्षक, अभियंता झाले ते याच वर्गांतून. आज ज्याला परवडते तो खाजगी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गाठतो. मागे राहतात ती ज्यांच्या वतीने बोलणारे कोणी नाही अशी मुले. पट घटला की शाळा एकत्र करण्याचा विचार पुढे येतो. २०२३ मध्ये समूह शाळांच्या निमित्ताने तो आलाच. शाळा दूर गेली की सर्वप्रथम मुलीचे शिक्षण थांबते.

आपली निवासी शाळा ही गरज होती आणि आहे. मात्र वसतिगृहातील खाटा मोजक्या असतात, तर अर्धापूर परिसरातील उरलेली मुले आपल्या गावच्याच शाळेत बसतात. आपण बाहेर पडलो म्हणून ती शाळा परकी मानणे हा धम्मातील करुणेशी विसंगत व्यवहार ठरेल.

म्हणून माजी विद्यार्थ्यांस विनंती अशी की, वर्गणी आणि सत्कार यांपलीकडे जावे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांस दिल्या आहेत. त्या रिकाम्या सह्यांपुरत्या ठेवू नयेत. गणिताच्या शिक्षकाची जागा रिक्त आहे काय, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे काय, पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, हे पाहावे आणि लेखी विचारावे. धारवाडच्या त्या मुलाने एका अर्जाने दार ठोठावले होते. आज आपल्यापैकी किती जणांच्या हाती लेखणी आहे! ती गावच्या शाळेसाठी चालली, तरच हे ऋण अंशतः फिटेल.