उद्याचे पुणे कोणाचे? विज्ञानकथेतील स्वप्ननगरी आणि आपला प्रश्न

2047 पर्यंत ‘विकसित भारत’ घडवायचा, हे सध्या भाषणांत, जाहिरातींत आणि कॉलेजच्या निबंध स्पर्धांत सतत ऐकू येते. पुण्याला भविष्याची जाहिरात नवी नाही. 25 जून 2016 रोजी बालेवाडीतून पंतप्रधानांच्या हस्ते स्मार्ट सिटीच्या प्रकल्पांचा प्रारंभ झाला. क्षेत्रविकासासाठी औंध-बाणेर-बालेवाडी हा पट्टा निवडला गेला, ताडीवाला रोड किंवा जनता वसाहत नव्हे. 31 मार्च 2025 रोजी ते अभियान संपलेही. आम्हाला प्रश्न पडतो : भविष्याचे चित्र काढताना ब्रश कोणाच्या हातात असतो?

हाच प्रश्न विज्ञानकथेला विचारता येतो. डॉ. जयंत नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात गेले. फलज्योतिषाला विज्ञानाच्या कसोटीवर तपासणारा हा माणूस विवेकवादी चळवळीला कायम जवळचा वाटला. त्यांच्या एका गाजलेल्या कथेत पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका वेगळ्याच जगात पोहोचतात. तिथे 1761 ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. देश इंग्रजांचा गुलाम होत नाही, विज्ञान वाढते, पुढे पेशव्यांची जागा लोकनियुक्त संस्था घेतात. ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने ही कथा एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकातही आली, म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी ती वर्गात वाचली आहे.

कथा सुंदर आहे. पण त्या जगात आमचे खापरपणजोबा कुठे होते, हे ती सांगत नाही. बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये 1936 साली नोंदवले आहे, की पेशव्यांच्या राजधानीत, पुण्यात, अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे आणि थुंकण्यासाठी गळ्यात मडके अडकवावे लागे. पेशवाई 1818 मध्ये बुडाली. बरोबर तीस वर्षांनी, 1848 मध्ये, त्याच शहरात भिडेवाड्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. पेशवाई टिकली असती तर ती शाळा निघाली असती का? इंग्रजांची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. एकाचे सुवर्णयुग हे दुसऱ्याचे दुःस्वप्न असू शकते, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

पाश्चात्त्य साहित्यात दुःस्वप्नाचे जग बहुधा भविष्यात असते. ऑल्डस हक्सलीची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी 1932 मध्ये आली. तिच्यात माणसे बाटलीतच अल्फा ते एप्सिलॉन अशा पाच जातींत घडवली जातात. झोपेत त्यांच्या कानांवर सतत बिंबवले जाते, की आपली जागा हीच चांगली. वाचक त्या कल्पनेने हादरले. त्याच वर्षी, 24 सप्टेंबरला, येरवडा तुरुंगात पुणे करारावर सह्या झाल्या. हक्सलीला जे कल्पावे लागले, ते इथे जन्माच्या दाखल्याइतके साधे होते. बाटलीऐवजी आईचे पोट आणि झोपेतल्या आवाजाऐवजी कर्मविपाकाची पोथी, एवढाच काय तो फरक.

पण फक्त भूतकाळ उगाळून भागणार नाही. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ 1993 मध्ये आली आणि तिची सुरुवात 2024 मध्ये होते. मोडकळीला आलेल्या देशातून चालत निघालेली एक मुलगी वाटेत लोक जोडत नवी वस्ती उभारते. गुलामगिरीची आठवण असलेल्या समाजाने भविष्यावर असा हक्क सांगितला. आपल्याकडे संत रविदासांनी दुःख नसलेले, कर नसलेले बेगमपुरा पाहिले. कासेगावच्या गेल ऑम्व्हेट यांनी 2008 च्या ‘सीकिंग बेगमपुरा’ या पुस्तकात जातिविरोधी विचारवंतांच्या अशा स्वप्नांचा इतिहास मांडला.

त्याही आधी आपल्याकडे दीघनिकायातले चक्कवत्तिसीहनाद सुत्त आहे. त्यातला राजा लोकांचे रक्षण करतो, पण गरिबांना धन देत नाही. तिथून गरिबी, गरिबीतून चोरी, चोरीच्या शिक्षेतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या आणि मग असत्य, अशी साखळी सुरू होते. माणसाचे आयुष्य दहा वर्षांवर येते आणि सात दिवस माणसे एकमेकांना कापत सुटतात. रानात लपलेले काही जण बाहेर येतात, जिवंत दिसलेल्याला मिठी मारतात आणि हत्या थांबवायचे ठरवतात. तिथून समाज पुन्हा वर चढू लागतो. अधोगतीचे मूळ इथे देवाच्या कोपात किंवा गेल्या जन्माच्या पापात शोधलेले नाही. ते राज्याच्या धोरणात आहे, आणि उपाय माणसांच्या हातात.

म्हणून कुठल्याही स्वप्ननगरीला आपली कसोटी साधी असावी : तिथे गटारात कोण उतरते? हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा कायदा 2013 चा आहे. तरी गटारात जीव गेल्यास 30 लाख रुपये भरपाई द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 20 ऑक्टोबर 2023 रोजी द्यावा लागला. 2047 च्या चित्रात मेट्रो आहे, चिप कारखाने आहेत. झाडू कोणाच्या हातात आहे, हे मात्र दिसत नाही. यंत्र येईलही, पण ते चालवण्याची नोकरी, त्याचे कंत्राट आणि नफा कोणाला मिळणार, हे आत्ताच विचारावे लागेल. जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. ती आकडेवारी हाती आल्यावर हा प्रश्न अंदाजाने नव्हे, पुराव्यानिशी मांडता येईल.

तरुण मित्रांनो, आपल्या साहित्याने आत्मकथनांतून कालचे पुणे आणि कालचा महाराष्ट्र जगाला दाखवला. उद्याचे चित्र आपण इतरांवर सोडले आहे. विहारातल्या रविवारच्या वर्गात एकदा हे सुत्त वाचा आणि मुलांना विचारा, 2047 मध्ये आपल्या वस्तीत सकाळ कशी उजाडेल. उत्तरे लिहून घ्या. वॉर्डातल्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातील, तेव्हा तीच उत्तरे घेऊन महापालिकेत जाऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!