बंद खोलीतली शेगडी आणि मालकाची जबाबदारी

थंडीचे दिवस सुरू झाले की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी हमखास येते. अमुक ठिकाणी बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेले मजूर सकाळी मृतावस्थेत आढळले. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. शेवटी एक वाक्य ठरलेले असते : दारे-खिडक्या बंद ठेवण्याचा निष्काळजीपणा जिवावर बेतला. बातमी तिथे संपते आणि बहुधा चौकशीही तिथेच संपते. आमचे म्हणणे असे, की चौकशी तिथून सुरू झाली पाहिजे. मजूर ज्या खोलीत झोपले ती कोणी उभी केली, तिला झरोका का नव्हता, आणि शेगडी आत न्यायची पाळी त्यांच्यावर का आली, या तीन प्रश्नांची उत्तरे मेलेल्या मजुराकडून नव्हे, ती खोली देणाऱ्याकडून घेतली पाहिजेत.

हा प्रश्न आम्ही नवा रायपूरच्या निमित्ताने मांडत आहोत. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि जुन्या रायपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर शेतजमिनी व माळरान घेऊन नव्या राजधानीचे काम सुरू झाले. २०१२ साली मंत्रालय तेथील महानदी भवनात गेले, २०१८ साली शहराच्या नावाला अटल नगर जोडले गेले, १ नोव्हेंबर २०२५ रोजी विधानसभेच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. एक अख्खे शहर हातांनी उभे राहिले, आणि काम अजून संपलेले नाही. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. १९५६ सालापर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते. रायपूर-भिलाईत मराठी कामगारांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि छत्तीसगडचा मजूर नागपूरच्या बांधकामांवर राबतो.

मोठ्या बांधकामावरचा लेबर कॅम्प आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, खाली मुरूम. उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात बर्फाची पेटी. रायपूरकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १२-१३ अंशांवर येतो आणि थंडीच्या लाटेत १० च्याही खाली जातो. काश्मीरच्या मानाने ही थंडी काहीच नाही, पण पत्र्याखाली एका चादरीवर झोपणाऱ्याला ती हाडात शिरते. मग घमेल्यात निखारे भरून घमेले आत घेतले जाते, नाहीतर छोट्या सिलिंडरवर गॅसची शेगडी वा हीटर लावला जातो. फटींत बारदान कोंबले जाते. दाराला आतून कडी पडते. गेटवरच्या चौकीदाराच्या केबिनमध्येही हेच चालते.

आत काय घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. एक किलो स्वयंपाकाचा गॅस पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. खोली गरम करणारा मोठा गॅस हीटर पूर्ण आचेवर तासाला ३०० ग्रॅमच्या आसपास गॅस खातो, म्हणजे जवळजवळ चार घनमीटर हवेतला सगळा प्राणवायू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच खोलीत हवा असते साडेबावीस घनमीटर. त्यात सहा माणसे श्वास घेत असतात. बाहेरून ताजी हवा आली नाही तर प्राणवायू कमी होत जातो, गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. निखाऱ्यांच्या बाबतीत तर एवढीही वाट पाहावी लागत नाही. निखारे पहिल्यापासूनच हा वायू सोडतात.

या वायूला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर कळावे म्हणून स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. त्यामुळे वास आला नाही की सगळे ठीक, असा आपला समज झालेला आहे. तो समज इथे घात करतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा हा वायू २०० पटींहून जास्त ओढीने धरून ठेवते. हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग झाले की तासा-दोन तासांत डोके दुखू लागते. १६०० भाग झाले की वीस मिनिटांत चक्कर व मळमळ आणि तासा-दोन तासांत मृत्यू. जाग आली तरी पायांतले बळ गेलेले असते. दोन पावलांवरची कडी काढता येत नाही. झोपेत असलेल्याला तर काहीच कळत नाही.

आता एक तुलना पाहा. नवा रायपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर भिलाईचा पोलाद कारखाना आहे. १२ जून २०१४ रोजी तेथील पंप हाउसमध्ये पाण्याचा दाब कमी होऊन झोतभट्टीचा वायू बाहेर पडला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन वरिष्ठ अधिकारीही होते. मारणारा वायू कार्बन मोनॉक्साइडच. त्या घटनेला औद्योगिक अपघात म्हटले गेले, चौकशी नेमली गेली, जबाबदारी कोणाची हा प्रश्न विचारला गेला. आता दुसरी घटना. मार्च २०२३ मध्ये शेजारच्या महासमुंद जिल्ह्यातील गढफुलझर येथे वीटभट्टीवर झोपलेले पाच मजूर गुदमरून मेले. ते तर बंद खोलीतही नव्हते. भट्टीची ऊब मिळावी म्हणून तिच्यावरच झोपले होते. अशा मृत्यूंना आपण काय म्हणतो? निष्काळजीपणा, दुर्दैव, अज्ञान. कारखान्यात मेला तर अपघात आणि पथारीवर मेला तर चूक त्याची, हा भेद आम्हाला मान्य नाही.

अज्ञान म्हणावे तर सुशिक्षितही यातून सुटलेले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, हॉटेलच्या एकाच खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि उठले नाहीत. मुंबई-पुणे-नाशिककडे न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरने घेतलेले बळी आपण दर वर्षी वाचतो. हवेला वाट नसलेल्या चार बाय सहाच्या जागेत तीच कथा. आणि १४ डिसेंबर २०२४ रोजी जॉर्जिया देशातील गुडौरी या बर्फाळ गावी एका भारतीय उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर झोपलेले १२ कर्मचारी मृत आढळले. त्यांतले ११ भारतीय होते. वीज गेल्यावर झोपण्याच्या खोल्यांजवळ बंदिस्त जागेत जनरेटर चालू केला गेला होता, असे तेथील गृहखात्याने सांगितले. ते बारा जण ज्या खोल्यांत मेले त्या त्यांनी स्वतः निवडलेल्या नव्हत्या. पोटासाठी परमुलखात गेलेला कामगार मालक देईल तिथे झोपतो, मग ते गुडौरी असो की नवा रायपूर.

कायद्याला हे ठाऊक नाही असे नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने १३व्या कलमात खेळत्या हवेची आणि १६व्या कलमात नव्या कारखान्यांसाठी दर कामगारामागे १४.२ घनमीटर जागेची अट घातली होती. म्हणजे यंत्रापाशी जागा असणाऱ्या कामगारासाठी हवेचे माप ठरलेले. तोच कामगार पत्र्याच्या त्या खोलीत सहा जणांत झोपला की त्याच्या वाट्याला चार घनमीटरही येत नाहीत, आणि त्यात शेगडी! बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याच्या ३४व्या कलमाने कामाच्या जागी किंवा जवळ विनामूल्य तात्पुरता निवारा आणि स्वयंपाकाची वेगळी जागा देण्याचे बंधन मालकावर टाकले होते. निवारा म्हटले, पण त्यातल्या झरोक्याचे माप त्या कलमाने सांगितले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे दोन्ही कायदे व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची स्थिती संहितेत सामावले गेले आहेत. संहितांवरचे आक्षेप हा वेगळा विषय आहे. इथे मुद्दा एवढाच, की कल्याणविषयक सोयींचा तपशील नियमांवर सोपवलेला आहे. जे माप नियमांत लिहिलेले नसेल ते कंत्राटदार देणार नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दुसरा प्रश्न भरपाईचा. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यापासून वाद एकच : मृत्यू कामातून व कामाच्या ओघात आला का? कंत्राटदाराचा वकील म्हणतो, पाळी संपली होती, माणूस झोपला होता. मात्र मालकाने दिलेल्या निवाऱ्यात आलेल्या मृत्यूची जबाबदारी मालकावर टाकण्याचे उदाहरण आपल्याच कायद्यात आहे. मळ्यांतील कामगारांच्या १९५१ च्या कायद्यात १९८१ साली १६-अ हे कलम घातले गेले. मळेवाल्याने दिलेले घर कोसळून कामगार वा त्याच्या घरचे माणूस मेले तर भरपाई मालकाने द्यायची, दोष केवळ राहणाऱ्याचा असेल किंवा नैसर्गिक आपत्ती असेल तेवढा अपवाद. हेच तत्त्व सामाजिक सुरक्षा संहितेतही आलेले आहे. छप्पर पडून मेलेल्याला जे मिळते ते छपराला झरोका नसल्यामुळे मेलेल्याला का मिळू नये?

यावर मालकांचे एक उत्तर ठरलेले आहे : झरोके ठेवले तरी मजूरच ते बारदानाने बुजवतात. खरे आहे, बुजवतात. थंडी वाजते, डास येतात म्हणून बुजवतात. पण जिथे मजुराने झरोका बुजवला तिथे आधी मालकाने पांघरुणात आणि पत्र्यात काटकसर केलेली असते. जमिनीपासून वर उचललेली खाट, दोन घोंगड्या आणि पत्र्याखाली थंडी अडवणारा एक थर एवढे दिले तर रायपूरच्या थंडीला आत निखारे लागत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार भाड्याने दिलेल्या घरातील गॅसची उपकरणे आणि त्यांची धुराडी घरमालकाला दर बारा महिन्यांनी तपासून घ्यावी लागतात. तिथे भाडेकरू शहाणा आहे की अडाणी हे कोणी विचारत नाही. जागा देणाऱ्याची जबाबदारी ठरलेली आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

१. लेबर कॅम्पच्या प्रत्येक खोलीला आणि चौकीदाराच्या प्रत्येक केबिनला जाळी लावलेले, बंद करता न येणारे दोन झरोके असावेत : एक छताजवळ, एक जमिनीलगत. जळलेली गरम हवा वर जाते म्हणून वरचा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून खालचा. खोलीत किती माणसे झोपतील तो आकडा दारावर रंगवावा.

२. झोपण्याच्या खोलीत धुराडे नसलेला हीटर, शेगडी वा निखारे ठेवण्याची गरजच पडू नये अशी पांघरुणे, खाटा आणि विजेची सोय मालकाने करावी. स्वयंपाकाची जागा वेगळी व हवेशीर असावी. जनरेटर उघड्यावर, झोपण्याच्या खोल्यांपासून दूर असावा.

३. नवा रायपूरसारख्या ठिकाणी काम शासनाचे आणि प्राधिकरणाचे असते. तेव्हा ही अट निविदेतच घालावी आणि कॅम्पची तपासणी झाल्याशिवाय कंत्राटदाराचे पहिले बिल निघू नये.

४. मालकाने दिलेल्या निवाऱ्यात गुदमरून आलेला मृत्यू कामाच्या ओघातला मानावा आणि त्याची सुरक्षा खात्यामार्फत चौकशी व्हावी.

हे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. प्रत्येक शाखेने दिवाळीनंतरच्या आठवड्यात आपल्या भागातील कॅम्प, केबिनी आणि वसाहतींतले गिझर पाहून यावेत. निळी ज्योत पिवळी पडू लागली की हवा कमी पडते आहे किंवा बर्नर बिघडला आहे, हे सांगावे. पण ज्योत निळी आहे म्हणून झरोका बुजवू नका, हेही सांगावे. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळू लागले, तर ती थंडी-ताप समजू नये. सगळ्यांनी ताबडतोब बाहेर यावे आणि रुग्णालयात प्राणवायू द्यायला सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे दीड तास. आतला माणूस बेशुद्ध असेल तर बाहेरच्याने आधी दार-खिडक्या सताड उघडाव्यात, मग श्वास रोखून त्याला ओढून काढावे. नाहीतर काढायला गेलेलाही तिथेच पडतो.

राजधानी बांधणाऱ्याला राजधानीत घर मिळत नाही, हे दुःख जुने आहे आणि त्याचा लढा लांबचा आहे. पण रात्री झोपलेला माणूस सकाळी उठावा, यासाठी पत्र्याला दोन भोके पाडायला ना मोठा निधी लागतो ना नवे तंत्र. लागते ती फक्त सक्ती. ती मालक स्वतःवर करून घेणार नाही. ती आपल्यालाच करावी लागेल.