गिऱ्हाईक कुठं अडतंय, ते आधी बघा



धंदा सुरू करायचा म्हटलं की बरेच जण आधी लोगो आणि रंग धरून बसतात. त्यालाच डिझाईन म्हणतात. माझं मत वेगळं आहे. गिऱ्हाईकाला कुणालाही न विचारता वस्तू ओळखता आली, वापरता आली, तर ते डिझाईन. बाकी सगळी सजावट. हे मी स्वतःचे पैसे घालवून शिकलोय.

आपल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला जीआय मानांकन आहे. मी दुकानात त्याची अर्ध्या किलोची पाकिटं काढली. काळं चकचकीत पाकीट, वर सोनेरी इंग्रजी अक्षरं. लोक हातात घ्यायचे, उलटंपालटं करायचे, परत ठेवायचे. शेवटी एक आजी म्हणाल्या, "बाळा, घेवडा दिसंना, तर घेऊ कसा?"

वाघासारख्या पट्ट्यांवरून ज्याचं नाव पडलं, त्याचे पट्टेच मी झाकून ठेवले होते! छापलेली हजार पाकिटं वाया गेली. आता पाकीट पारदर्शक आहे, नाव मराठीत, ठळक.

मुंबईचे डबेवाले बघा. १८९० पासून चालत आलेलं काम. डब्यावर रंग, अक्षरं आणि आकडे असतात. कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर द्यायचा, सगळं त्यात. गर्दीच्या प्लॅटफॉर्मवर पूर्ण पत्ता वाचायला वेळ कुणाला? खूण अशी हवी, की बघताक्षणी कळावी.

दुसरी गोष्ट म्हणजे पोच. काउंटरवरचा साउंडबॉक्स "इतके रुपये मिळाले" असं बोलतो. हात तराजूत गुंतलेले असले तरी मोबाईल काढावा लागत नाही. तुमच्या गिऱ्हाईकाला ऑर्डर दिल्यावर अशी पोच मिळते का? निदान व्हॉट्सॲपवर एक ओळ?

जेकब नील्सन या डिझाईन तज्ज्ञानं २००० साली लिहिलं होतं, की पाच जणांना वापरायला दिलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. म्हणून छपाईची ऑर्डर द्यायच्या आधी एवढं करा. एकच नमुना बनवा. तुमचा माल माहीत नसलेल्या पाच जणांच्या हातात द्या आणि गप्प उभे राहा. समजावून सांगायचं नाही! हात जिथं थांबेल, तिथं चूक तुमची आहे, गिऱ्हाईकाची नाही.

पाच नमुन्यांचा खर्च किती? आणि हजार पाकिटांचा? हिशोब तुम्हीच करा.