पत्रांतून दिसणारे युद्ध आणि पत्रच न उरलेली माणसे

#इतिहास #थ्रेड

१/ दुसऱ्या महायुद्धावरील ज्या कादंबऱ्यांना वाचकांनी मनापासून आपले मानले, त्यांत ‘द गर्न्सी लिटररी अँड पोटॅटो पील पाय सोसायटी’ हे नाव आवर्जून घ्यावे लागते. मेरी ॲन शेफर आणि ॲनी बॅरोज यांची ही कादंबरी २००८ साली आली, २०१८ साली तिच्यावर चित्रपट निघाला. जवळजवळ सारी कथा पत्रांतून उलगडते. (पुढे कथानकाचा उलगडा आहे.)

२/ तिच्या वाचकांत दोन तट आहेत. पहिल्याला ती दिलासा देणारी वाटते: शत्रूच्या अमलाखालीही पुस्तकांनी माणसे जगवली. दुसऱ्याला ती अतिगोड वाटते: पत्रलेखक अनेक, पण आवाज एकच, आणि यातना मात्र ओझरत्या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही कादंबरीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटते. ती दिसण्यासाठी आधी इतिहासाकडे वळावे लागेल.

३/ गर्न्सी हे फ्रान्सच्या किनाऱ्यालगतचे, ब्रिटिश राजसत्तेच्या अधीन असलेले बेट. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळताच ब्रिटनने चॅनेल बेटांतून आपले सैन्य काढून घेतले. २८ जूनला जर्मन विमानांनी सेंट पीटर पोर्ट बंदरावर बॉम्ब टाकले. तिथे टोमॅटोने भरलेल्या लॉऱ्यांची रांग उभी होती. ३० हून अधिक माणसे मेली. ३० जूनला जर्मन उतरले, ते ९ मे १९४५ पर्यंत राहिले.

४/ त्याआधीच्या काही दिवसांत सुमारे ४२ हजार वस्तीपैकी १७ हजारांच्या आसपास लोक इंग्लंडला निघून गेले. हजारो शाळकरी मुले आईबापांविना, शिक्षकांच्या हाती सोपवून पाठवली गेली. मग इंग्लंडशी असलेले टपाल बंद झाले. उरला तो रेडक्रॉसचा छापील अर्ज. त्यावर अवघे २५ शब्द लिहिता येत, तेही सेन्सॉरच्या नजरेखालून जात आणि पोहोचायला महिनोन्महिने लागत.

५/ म्हणजे त्या पाच वर्षांत बेटावरच्या आईने दूरच्या लेकराला धाडलेले खरे पत्र २५ शब्दांचे होते. कादंबरीतली ऐसपैस, खेळकर पत्रे शक्य होतात, कारण ती १९४६ सालची आहेत. युद्ध संपले आहे, टपाल खुले झाले आहे. ही युद्धाची दैनंदिनी नव्हे. वाचलेल्या माणसांनी लंडनच्या एका अनोळखी लेखिकेला सांगितलेल्या आठवणी आहेत.

६/ ‘अतिगोड’ या आक्षेपाचे उत्तर काही अंशी इथे मिळते. परक्या माणसाला पहिल्याच पत्रात कोणी आपली जखम उघडी करून दाखवत नाही. आधी चोरून भाजलेल्या डुकराची गंमत सांगितली जाते, उपासमार मागाहून येते. पत्ररूप कादंबरीत काय सांगितले याइतकेच कोण कोणाला सांगत आहे, हेही महत्त्वाचे असते. वामन मल्हार जोशी यांची ‘इंदु काळे व सरला भोळे’ वाचलेल्या मराठी वाचकाला हे नवे नाही.

७/ आता निसटलेली गोष्ट. या कथेचा प्राण आहे एलिझाबेथ. मंडळाची कल्पना तिचीच. जर्मनांनी आणलेल्या एका वेठबिगार मुलाला आसरा दिल्याबद्दल ती पकडली जाते आणि राव्हेन्सब्रूकच्या छळछावणीत मारली जाते. पत्रांनी भरलेल्या या कादंबरीत तिचे स्वतःचे पत्र मात्र नाही. ती कळते ती इतरांच्या पत्रांतून.

८/ ही रचना इतिहासाशी प्रामाणिक आहे. शेजारच्या जर्सी बेटावर लुइझा गूल्ड यांनी पळून आलेल्या एका सोव्हिएत युद्धकैद्याला घरात लपवले होते. १९४५ साली राव्हेन्सब्रूकमध्येच त्यांचा अंत झाला. ज्यांच्यावर युद्धाचा सर्वांत मोठा घाव पडला, त्यांची कहाणी बहुधा दुसऱ्यांनाच सांगावी लागली.

९/ तेरेझे श्टायनर, आउगुस्टे श्पिट्झ आणि मारियाने ग्र्युनफेल्ड या तीन ज्यू स्त्रिया गर्न्सीत राहत होत्या. एप्रिल १९४२ मध्ये त्यांना फ्रान्सला नेले गेले आणि जुलैत तिथून आउश्वित्झला. तिघींपैकी एकही परतली नाही. १९४० साली ज्यूविरोधी फर्मान गर्न्सीच्या रॉयल कोर्टात नोंदवले गेले, तेव्हा विरोध केला तो फक्त सर अब्राहम लेने यांनी.

१०/ इथेच कादंबरीला दोष द्यावा लागतो, आणि तो गोडव्याचा नव्हे. तिच्यात भले बेटकर भरपूर आहेत, फितूर आणि स्वार्थीही आहेत, पण त्या फर्मानाची कागदोपत्री तजवीज करणारा निमूट अधिकारी जवळपास दिसतच नाही. वाचकांच्या वादातही तो क्वचितच येतो. सगळे भांडण पात्रे लाघवी की खोटी, एवढ्यावरच अडते.

११/ गर्न्सीची खरी पत्रेही आहेत. १९४२ साली रेडिओ जप्त झाल्यावर काही जणांनी बीबीसीच्या बातम्या चोरून ऐकून, टोमॅटो बांधण्याच्या कागदावर टंकून वाटल्या. १९४४ मध्ये पाच जण पकडले गेले. चार्ल्स मॅकन आणि जोसेफ गिलिंगहॅम हे दोघे जर्मनीतच मेले. वाचलेल्यांपैकी एक होते पत्रकार फ्रँक फॅला.

१२/ १९६४ साली नाझी छळाला बळी पडलेल्या ब्रिटिश नागरिकांसाठी नुकसानभरपाईचा करार झाला. तेव्हा फॅला यांनी बेटांवरच्या तुरुंगवास सोसलेल्यांना अर्ज लिहायला मदत केली. कोणता तुरुंग, किती महिने, प्रकृतीचे काय झाले: सरकारी रकान्यांत बसवलेली ही आयुष्ये. त्यांत खेळकरपणाला जागा नाही. फॅला यांनी जपलेल्या कागदांतून उभा राहिलेला संग्रह आज इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो.

१३/ तेव्हा ‘आवडली’ आणि ‘फार गोड आहे’ या दोन निकालांपैकी एक निवडण्याची सक्ती वाचकावर नाही. कादंबरी आवडावी, खुशाल आवडावी. मात्र इतिहासाची गोडी असलेल्या वाचकाने ती मिटल्यावर आणखी एक प्रश्न विचारावा: या पत्रव्यवहारात कोणाचे पत्र नाही, आणि का नाही?

१४/ शेजारच्या ऑल्डर्नी बेटावरच्या छावण्यांत किती कैदी आणि वेठबिगार मेले, याचा अंदाज ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या समितीने थेट २०२४ साली मांडला: बहुधा ६४१ ते १,०२७ यांच्या दरम्यान. या दोन आकड्यांमध्ये जवळजवळ चारशे माणसांचे अंतर आहे. त्यांच्या घरीही कोणीतरी टपालाची वाट पाहत असेल.