टोपी रिंगणात, की टोपी लोकांना?

निवडणूक आली की मराठीत एक वाक्य अधूनमधून डोकावते: 'अमुक यांनी आपली टोपी रिंगणात टाकली.' मंडळी, हे कुठले मराठी?

इंग्रजीत त्या वाक्प्रचाराला अर्थ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुष्टियुद्धात ज्याला लढायचे असेल तो आपली हॅट रिंगणात भिरकावायचा. म्हणजे आव्हान स्वीकारले, तेही चारचौघांत! १९१२ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हेच शब्द वापरून पुन्हा उमेदवारी सुचवली. पक्षाने तिकीट नाकारले, तर ते नवा पक्ष काढून लढले आणि हरले. पण हॅट परत उचलली नाही.

आता मराठीत या. आपल्याकडे टोपी 'घालतात', म्हणजे फसवतात. टोपी 'फिरवतात', म्हणजे बाजू बदलतात. मग टोपी टाकणारा उमेदवार वाचकाला काय वाटणार? आणि आपले शब्द काय संपले? शड्डू ठोकणे आहे, दंड थोपटणे आहे, रिंगणात उतरणे आहे. सर्वांत नेमके म्हणजे विडा उचलणे. भर दरबारात तबकातला विडा उचलला की कामगिरी अंगावर घेतली. तो पुन्हा तबकात ठेवायची सोय नव्हती.

कोणी म्हणेल, भाषा उसनवारीनेच वाढते. खरे आहे. टेबल घ्या, मेज घ्या, जनेलसुद्धा घ्या. वस्तू आली की तिचे नाव येणारच. पण वाक्प्रचारामागे रीत असते. ती रीत आपल्याकडे नसेल तर हाती नुसती टोपी उरते.

गोव्यात तर हा फरक कळायलाच हवा. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये त्या पक्षाच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसाजवळ आणि बेतीच्या दर्ग्यात निष्ठेच्या शपथा घेतल्या. मार्चमध्ये ११ निवडून आले आणि सप्टेंबरात त्यांतले ८ भाजपमध्ये गेले!

याला इंग्रजीत काय म्हणायचे ते इंग्रजीवाले बघतील. मराठीत शब्द तयार आहेत: विडा उचलला आणि टोपी फिरवली. बातमी लिहिणाऱ्यांनो, हेच लिहा ना! भाषांतरित टोपीखाली ही गोष्ट झाकली जाते आणि मतदाराला तीच तर कळायला हवी.