मावशींना हसायला सांगणाऱ्यांनो, आधी पाणी आणा!

खासगी रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत हल्ली 'सकारात्मक दृष्टिकोन' या विषयावर व्याख्याने ठेवण्याची टूम निघाली आहे. आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना समोर बसवायचे आणि वक्त्याने सांगायचे की हसतमुख राहा, रुग्णाला आपला माणूस समजा. सांगणे खोटे नाही. दोन गोड शब्दांनी आजाऱ्याला उभारी येतेच. पण ज्याने जन्मात कधी दुसऱ्याचे बेडपॅन उचलले नाही त्याने ते उचलणारीला हसण्याचा उपदेश करावा, हा प्रकार आपल्या समाजाला चांगलाच ओळखीचा आहे. घाण कोणी काढायची हे जातीने ठरवायचे आणि वर ती आनंदाने काढा म्हणायचे!

त्यामुळे 'सेवा' हा शब्द ऐकला की आपला कार्यकर्ता बिचकतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना फुकट राबवून घेतले त्यांना हा शब्द टोचणारच. तरीही तो शब्द त्या लोकांच्या हाती सोडून देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपल्या धम्मात त्याचा अर्थ निराळा आहे.

विनयपिटकातील महावग्गात एका भिक्खूची हकिकत येते. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी तिथे प्रवचन केले नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग तथागतांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून उचलून त्याला खाटेवर निजवले. संघाला बोलावून चार शब्द सुनावले ते त्यानंतर.

वकील म्हणून मला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. तथागत करुणेवर थांबले नाहीत, त्यांनी नियम घालून दिला. आजारी भिक्खूची शुश्रूषा कोणी करायची याचा क्रम ठरला. कोणीच नसेल तर जबाबदारी संघाची, आणि टाळाटाळ केली तर तो दोष. चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुणही सांगितले. त्याला औषध तयार करता यावे, रुग्णाला काय चालते आणि काय चालत नाही हे कळावे, त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्र आणि उलटी उचलताना किळस करू नये, आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने रुग्णाचे मन प्रसन्न करावे. गोड बोलणे यादीत आहे, पण कुठे? शेवटी! रुग्णानेही पथ्य पाळावे, आजार लपवू नये, हेही तिथेच सांगितले आहे. आणि आजारी भिक्खू मरण पावला तर त्याचे पात्र आणि चीवर शुश्रूषा करणाऱ्याला द्यावे, असाही नियम झाला. मैत्रीभावाने सेवा करणाऱ्याचाही हक्क असतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य झाले होते.

आता आपल्या करंजाडेत या. सिडकोच्या या वसाहतीतून पनवेल, कामोठे, कळंबोलीच्या दवाखान्यांत आणि घरोघरी रुग्ण सांभाळायला जाणाऱ्या मावशी काही कमी नाहीत. त्यांतल्या काही माझ्याकडे कागद घेऊन येतात. कागद म्हणजे काय, तर ब्युरोवाल्याने दिलेली एक चिठ्ठी! बारा तासांची ड्युटी, आठवड्याची सुट्टी नाही, एक खाडा झाला की पैसे कापले, हातमोजे मागितले तर 'घरच्यासारखे समजा' हे उत्तर. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा त्याच काळात तयार झाला. त्यांच्या लेकींना आजही हजेरीपटावर नाव लागण्यासाठी भांडावे लागते. हातमोजे, पगाराची पावती आणि पुरेशी झोप मिळाली तर या बायकांना हसायला शिकवावे लागणार नाही.

पण बोट फक्त ब्युरोवाल्याकडे दाखवून चालणार नाही. आपण काय करतो? जयंतीला रुग्णालयात फळे वाटतो. मधुमेही म्हाताऱ्याच्या हातात चिकू ठेवून फोटो काढतो, म्हणजे पाचपैकी दुसऱ्याच गुणावर नापास! 1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी फळे वाटली नव्हती. डॉक्टर यशवंतरावांनी हडपसरच्या माळावर दवाखाना उघडला आणि माईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर पाठीवर घालून तिथे आणले. त्या संसर्गानेच 10 मार्चला त्या गेल्या.

पनवेलच्या पुढे नेरे येथे 1951 पासून कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. कुष्ठरोग म्हणजे काय वाळीत टाकणे ते आपल्याला वेगळे सांगायला नको. जोडीदाराला कुष्ठरोग आहे या कारणावर घटस्फोट देणारी तरतूद आपल्या कायद्यांतून 2019 साली निघाली. करंजाडेतले किती कार्यकर्ते तिथे जाऊन कोणाशेजारी तासभर बसले असतील?

माझी सूचना साधी आहे. येत्या वर्षावासात विहाराच्या फळ्यावर दोन याद्या लावाव्यात. पहिली स्वयंसेवकांची: सरकारी दवाखान्यात केसपेपर कोण काढून देईल, एकट्या म्हाताऱ्याजवळ रात्री कोण थांबेल. दुसरी आपल्या मावशींची: कोण कुठे कामाला आहे, पगार किती, पावती मिळते की नाही. स्वयंसेवकाने मावशीच्या मदतीला जावे, तिच्या जागी नव्हे. फुकटचे हात मिळतात म्हणून एखाद्या मालकाने तिला घरी बसवले, तर दुसरी यादी घेऊन मी त्याच्या दारात उभा राहीन. पहिल्या यादीत माझे नाव शनिवारच्या रात्रीसाठी लिहून घ्यावे.