अंतराळातले टेहळणी विमान आणि लाडबोरीची रिंग



चौथी-पाचवीच्या पोरांना कोरा कागद द्या आणि काहीही काढा म्हणा. आमच्या मूलकडे आधी वाघ निघतो, मग ट्रॅक्टर. आता तिसरं चित्र आलंय, अंतराळातलं लढाऊ विमान. मोबाइलच्या गेममधून आलेलं. टोकदार नाक, दोन पंख आणि जिथे जागा मिळेल तिथे बंदुका.

परदेशात असली काल्पनिक युद्धं टेबलावर फासे टाकूनही खेळतात. ‘एरोटेक’ नावाचा असा खेळ १९८६ साली आला होता. अशा खेळांत प्रत्येक विमानाचा तक्ता असतो : वजन किती, वेग किती, चिलखत किती जाड. त्यात टेहळणीचं विमान बहुधा हलकं आणि चपळ असतं. चिलखत पातळ, हत्यारं मोजकीच. त्यानं शत्रू कुठे आहे ते बघायचं आणि परत यायचं, बस्स. हे ऐकून एक पोट्टा म्हणाला, “गुरुजी, बंदूक नाई त मंग थे लढते कसं?”

काही शिक्षकांना वाटतं, ही चित्रं बंद करावी, मुलं बिघडतात. मला ते पटत नाही. चित्र काढू द्यावं, पण ‘तुझ्या विमानाचं काम काय?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर आपल्याच इतिहासाच्या तासाला सापडतं. बहिर्जी नाईक शिवाजी महाराजांच्या हेरखात्याचे प्रमुख. त्यांची किंमत तलवारीत नव्हती, आणलेल्या खबरीत होती. हेराला तलवार उपसावी लागली म्हणजे तो ओळखला गेला. एवढं सांगितलं की पोरं आपणहून चित्रातल्या दोन-चार बंदुका खोडतात.

मग खऱ्या अंतराळाकडे वळावं. तिथे हवा नाही, म्हणून पंखांचा उपयोग नाही. तिथले खरे टेहळे म्हणजे उपग्रह. आपल्या इस्रोचे कार्टोसॅट वरून जमिनीचे फोटो काढतात. रिसॅटला रडार आहे, त्याला ढगाआडून आणि रात्रीही दिसतं. खालच्या कक्षेतला उपग्रह सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर जातो. मूल ते चंद्रपूर एसटीला तास-सव्वा तास लागतो, त्याला सात सेकंद पुरतात. हे गणित पोरांकडूनच फळ्यावर सोडवून घ्या, वर्ग गप्प होतो.

आणि आता आपल्या भागातली गोष्ट. मूल-मारोडा स्टेशनावरून नागभीडकडे जाणारी गाडी धरली की राजोलीनंतर सिंदेवाही येतं. त्याच तालुक्यातलं लाडबोरी. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळते तुकडे सरकत गेले आणि लाडबोरीत धातूची एक भलीमोठी रिंग येऊन पडली. आसपासच्या गावांत गोल टाक्याही सापडल्या. नशीब, कोणाला इजा झाली नाही. पुढे अभ्यासकांनी कक्षेचा हिशोब मांडून सांगितलं की हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा वरचा टप्पा असावा. ते रॉकेट ४ फेब्रुवारी २०२१ ला शिचांगहून उडालं होतं. उपग्रह सोडून झाल्यावर हा रिकामा टप्पा लांबट कक्षेत फिरत राहिला. प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळ आला की विरळ हवेला घासून थोडा वेग गमवायचा. असं करत जवळपास चौदा महिन्यांनी तो खाली आला. बराचसा जळाला. टाक्या मात्र दाबाखालचा वायू भरण्यासाठी मजबूत बनवलेल्या, त्या टिकल्या.

आता त्या रॉकेटने वर काय नेलं होतं ते बघा. टीजेएस-६ नावाचा उपग्रह. चीन सांगतो, दळणवळण तंत्रज्ञानाची चाचणी. परदेशी जाणकारांचा अंदाज वेगळा आहे : कोणी क्षेपणास्त्र सोडलं तर त्याची सूचना देणारा टेहळ्या. अंदाज बरोबर असेल, तर पोरं कागदावर जे काढतात त्याच्याच वाहनाचा तुकडा आपल्या शेजारच्या तालुक्यात पडला होता. गेममध्ये फुटलेलं विमान पडद्यावरून नाहीसं होतं. इथे ते कोणाच्या तरी गावात येऊन पडतं.

जंगलाच्या मुलखात असं पहिल्यांदा घडलं असंही नाही. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत रशियाचा कॉसमॉस ९५४ हा समुद्रावरच्या जहाजांवर नजर ठेवणारा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या ओसाड, बर्फाळ भागात कोसळला. त्यात अणुभट्टी होती. किरणोत्सर्गी तुकडे शोधायला महिने लागले. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले, १९८१ मध्ये ३० लाखांवर मिटलं. हा दावा ज्या कराराच्या आधारे झाला, तो १९७२ चा : ज्या देशाची वस्तू पडेल, जमिनीवरच्या नुकसानीला तो देश जबाबदार. भारतही या करारात आहे. लाडबोरीत ती रिंग एखाद्या घरावर पडली असती, तर भरपाई आपल्या सरकारला मागता आली असती. ही माहिती आपल्या भागातल्या पाचवीच्या पोराला असायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. टीव्हीवाले दोन दिवस आले आणि गेले, पण शाळा इथेच आहे.

‘मी अंतराळवीर झालो तर’ हा निबंध मुलं पाठ करून लिहितात. त्याऐवजी यंदा आत्मवृत्त द्या : ‘मी लाडबोरीत पडलेली रिंग बोलतेय’. मी कुठून निघाले, वर कोणाला सोडून आले, चौदा महिने कुठे भटकले, पाडव्याच्या संध्याकाळी खाली काय पाहिलं, एवढे मुद्दे फळ्यावर लिहून द्या. शब्दमर्यादा दीडशे. सोबत चित्र काढलं तरी चालेल.